शिवेवर थांबलेला पाय

माझे बाबा शालिकराम हे गोड बोलणारे गृहस्थ होते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचं घर जेवढं सावध असतं तेवढं आमचं होतं. आई त्यांच्या होकाराला होकार समजायची नाही. नागपूरच्या संत्रा मार्केटात त्यांच्या टोपल्या वरूनच बघाव्या, खाली हात घालू नये, सडका माल लागायचा. हे मी लेक म्हणून सांगते आहे, वैरी म्हणून नाही. पुढे ज्या माणसाच्या नावाने आमझरीत लोक हात जोडू लागले, त्याची सुरुवात कुठून झाली हे आधी कळलेलं बरं. फोटोला हार पडला की माणूस जन्मापासूनच संत वाटायला लागतो.

आमझरी हे आमचं मूळ गाव. खाप्याला कन्हान नदी ओलांडली की पलीकडे. मी तेरा वर्षांची होईपर्यंत ते पाहिलं नव्हतं. घरात त्या गावाचं नाव निघालं की बाबा पाणी प्यायला उठायचे. जे कळलं ते आईकडून, तेही तुकड्यातुकड्याने.

गोष्ट एकसष्ट सालच्या पोळ्याची. आमचे आजोबा कवडूजी मोतीबिंदूने आंधळे झाले होते. गावातल्या पोळ्यात मखर बांधलेली पहिली जोडी आमच्या घरची असायची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचे बैल हलत नसत. त्या वर्षी मारुतीसमोर त्या जोडीचा कासरा थोरल्या मुलाच्या हाती द्यायचा असं आजोबांनी ठरवलं. कासरा म्हणजे नुसती दोरी, पण त्या दिवशी तिच्यासोबत घरची वडीलकी, देवघर आणि बापाचा आशीर्वाद जाणार होता. थोरले नत्थूजी, माझे मोठेबाबा. कमी बोलणारे, रानात रमणारे, हट्टी. धाकटे बाबा. आजी जिजाबाईंचा जीव धाकट्यावर होता आणि तिने तो कधी लपवला नाही.

पोळ्याच्या दुपारी बाबांनी गोठ्यातला लाल्या नावाचा दुसरा एक बैल सोडला, एका पडक्या वाडीत नेऊन बांधला आणि भावाला जाऊन सांगितलं की लाल्या दावं तोडून नदीकडे पळाला. मोठेबाबा तसेच धावले. इकडे आजीने मोठेबाबांची घोंगडी बाबांच्या अंगावर टाकली. ढोलांच्या आवाजात बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. आजोबांनी चाचपून घोंगडी पाहिली, तिचा वास घेतला आणि विचारलं, "आवाज काहून बसला गा तुहा?" बाबांनी नुसता हात पुढे केला. आजोबांनी कासरा दिला, डोक्यावर हात ठेवला, आणि देवासमोर दिलेला शब्द कायमचा झाला.

दिवेलागणीला मोठेबाबा चिखलाने माखून परत आले, तेव्हा तोरण तुटलेलं होतं, पोळा फुटला होता. आता फसवणूक एवढ्यावर थांबली असती तरी पुष्कळ होती. पण लोक विचारायला लागले, नत्थू कुठे होता, बापाने धाकट्याला कसा मान दिला. आणि कुणीतरी म्हणालं की तो मोहाची पिऊन नदीकाठी पडला होता. हे वाक्य गावभर फिरलं. मोठेबाबांची सोयरीक कौशल्या नावाच्या मुलीशी ठरली होती, ती मोडली. पुन्हा जुळली नाही. घोंगडीचं पुढे गावाला कळलं, पण ते दारूचं वाक्य कुणाचं हे अठरा वर्षं कुणाला कळलं नाही. ते बाबांचं होतं.

आजीने त्याच आठवड्यात बाबांना नागपूरला आपल्या भावाकडे, महादेवरावांकडे पाठवून दिलं. थंडीत आजोबा गेले. तेरवीच्या दिवशी मोठेबाबांनी बापाच्या राखेवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "शाल्याचा पाय शिवेच्या आत टेकला, त् या कुऱ्हाडीनं त्याचा जीव घेईन." ती कुऱ्हाड नंतर त्यांच्या दाराच्या चौकटीला टांगलेली असायची. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस आमच्या घरी चहा पिता पिता सांगायचा की नत्थूजी तिला अजून धार लावतात. हे सांगताना त्या लोकांना एक प्रकारचं सुख व्हायचं, असं मला आजही वाटतं.

महादेवराव हे बाबांचे मामा, आणि भाच्याला पुरून उरणारे मामा. मुलगी देतो म्हणून त्यांनी बाबांना दुकानात वर्षानुवर्षं राबवलं, आणि दर वेळी लग्नाची तारीख पुढच्या हंगामावर ढकलली. शेवटी मुलगी दिली. ती माझी आई, गोपिका. बाबा मामाच्या तालमीत आणखी तयार झाले. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांनी डोक्यावरून हात फिरवला की तो विरघळायचा. म्हणून आणखी राग यायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात, मार्केटात गाड्या रिकाम्या होत असताना, एक बैल बिथरला. लोक बाजूला झाले. बाबांनी त्याचा कासरा धरला आणि सोडला नाही. बैलाने त्यांना रस्ताभर फरपटत नेलं. लोक ओरडत होते, सोडा, सोडा. बैल आपण होऊन थांबला तेव्हा बाबांची मांडी खुब्यातून निखळली होती, आणि कासरा हातातच होता. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, पण चाल गेली.

मिशनच्या एका दवाखान्यात ते दीड-दोन महिने पडून होते. शेजारच्या खाटेवर अनंत मास्तर म्हणून एक म्हातारे ख्रिस्ती शिक्षक होते. ते दुपारी मोठ्याने बायबल वाचायचे, वॉर्डभर ऐकू जाईल असं. बाबा आधी तोंडावर चादर ओढून घ्यायचे. मग एके दिवशी मी डबा घेऊन गेले तर चादर खाली आणि बाबा कोपरावर उठून बसलेले. मास्तर याकोबाची गोष्ट वाचत होते. आंधळा बाप, दोन भाऊ, धाकट्याने थोरल्याचे कपडे घालून घेतलेला आशीर्वाद, आईची साथ, मामाच्या घरचं राबणं. बाबा मला हळूच म्हणाले, "हा याकोब आपल्या खाप्याकडचाच दिसते." हसायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

गोष्ट रोज थोडी पुढे जायची. याकोब बायकापोरं घेऊन भावाकडे परत निघाला. त्याने पुढे जनावरांची भेट पाठवली. निरोप आला की एसाव, म्हणजे तो थोरला भाऊ, चारशे माणसं घेऊन येतो आहे. नदीकाठी रात्रभर कुणीतरी याकोबाशी झुंजलं, याकोबाचा खुबा निखळला, तरी याकोबाने त्याला सोडलं नाही. इथे बाबांनी आपल्या मांडीकडे पाहिलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, भावांची भेट उद्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मास्तरांची खाट रिकामी होती, गादी गुंडाळलेली होती. पहाटे ते वारले होते, आणि पुस्तक त्यांच्या घरचे घेऊन गेले होते.

आता नागपुरात बायबल मिळत नाही असं नाही. कुणालाही विचारलं असतं तर भेटीत काय झालं ते एका वाक्यात कळलं असतं. मी म्हटलं, मी आणते. बाबा म्हणाले, "नोको आणू. शेवट मालूम झाल्यावर जाण्यात काय राहिलं?"

म्हणजे त्यांचं जायचं ठरलं होतं. आई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. बाबांना एवढंच करायचं होतं, ते दारूचं वाक्य गावासमोर परत घ्यायचं. त्यानंतर ते जिवंत परत येतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. पोळ्याचा दिवस त्यांनीच निवडला. सणाच्या दिवशी माणसाचं मन नरम असतं, भरल्या गावात कुणी कुऱ्हाड उचलत नाही, असा त्यांचा हिशेब होता. पाहा, तिथेही थोडी हुशारी होतीच.

एकोणऐंशी साल. एक देखणी पांढरी बैलजोडी विकत घेऊन त्यांनी गाडीवानासोबत आदल्या दिवशी पुढे पाठवली, भावाला भेट म्हणून. आम्ही दोघं पोळ्याच्या सकाळी बसने खाप्याला उतरलो. मी हट्टाने आले होते, कारण काठी असली तरी त्यांना दुसऱ्या बाजूने धरायला कुणीतरी लागायचंच. पण वर कुठेतरी पाऊस झाला होता. कन्हान फुगली होती आणि डोंगेवाला नावाडी पाण्यात उतरायला तयार नव्हता. दिवसभर आम्ही काठावर बसून राहिलो. पलीकडून ढोल ऐकू येत होते. ढोल थांबले तेव्हा बाबा म्हणाले, "झालं. तोरण तुटलं." आणि धर्मशाळेत जाऊन पडले.

सकाळी पाणी उतरलं. डोंगेवाल्याने आम्हाला घेतलं, पण त्याची नजर काही ठीक नव्हती. मध्यावर आल्यावर तो बोलला. "तुमची जोडी नत्थूजीनं पोळ्यात उभी नाही केली. गोठ्यातही नाही घेतली. शिवेबाहेर आंब्याले बांधून हाये परवापासून." बाबांनी विचारलं, चारा टाकला का. तो म्हणाला, "ते मले मालूम नाही. आज फजरीच कुऱ्हाड घेऊन निंघाले म्हणते घरून, एवढं मालूम हाये."

मला त्या वेळी फक्त कुऱ्हाडीची भीती वाटली. बाबांना आणखी कशाची तरी वाटली, आणि ती मला काठावर उतरल्यावर समजली. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबतीचा. नागपुरात आम्ही त्या दिवशी मिरवणूक बघायला जातो, पण खेड्यात ते निराळंच असतं. आदल्या दिवशी दाराशी उभे केलेले पळसाचे मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, सकाळी घराघरातून उचलतात. घरातली सगळी पीडा, रोग, भांडणं, वाईट नजर त्या फांद्यांबरोबर जावी म्हणून आरडाओरडा करत शिवेपर्यंत नेतात आणि बाहेर फेकतात. मग मागे न बघता घरी जातात. त्या दिवशी शिवेबाहेरून गावात काही येऊ देत नाहीत. बाबा गावाच्या सणाला येणार होते, आणि येऊन उभे राहिले गावाच्या उकिरड्यावर. वीस वर्षांच्या जवळपास नागपुरात काढलेल्या माणसाकडून ही एवढी मोठी चूक झाली होती, आणि परत फिरायला डोंगा निघून गेला होता.

शिवेवर एक शेंदूर फासलेला दगड आणि बाभळीचं झाड होतं. थोडं अलीकडे आंब्याला आमची पांढरी जोडी बांधलेली होती. त्यांच्यापुढे चारा होता, ओला, ताजा. बाबांनी तो पाहिला. तेवढ्यात गावाकडून आरोळ्या ऐकू आल्या. फांद्या घेतलेली माणसं येत होती, बायका, पोरं, सगळा गाव. मला ते चारशे आठवले. सगळ्यांच्या पुढे एक उंच, वाळलेला, वयाआधीच म्हातारा झालेला माणूस चालत होता आणि त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

आम्हाला पाहून आरोळ्या एकदम बंद झाल्या.  रुख्मिणी नावाची एक जख्खड म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जे फेकाले आलो, तेच उभं हाये." कुणी हसलं नाही. एका बाईने आपलं पोर पदराआड घेतलं.

बाबांनी टोपी काढली. काठी माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन सरळ उभे राहिले. दगडाच्या अलीकडे, शिवेबाहेर. 

"एकसष्टच्या पोळ्याले दादा दारू पेला नव्हता," ते म्हणाले. "त्यानं जिंदगीत दारू शिवली नाही. लाल्याले मी लपवलं होतं. दादा त्याले ढुंढाले पुरात उतरला होता. घोंगडीचं तुमाले मालूम हाये. दारूचं मी बोललो. कौशल्याच्या बापाजवळ मीच जाऊन बोललो."

एवढंच. त्यात ना माफी होती, ना आजीचं नाव, ना आपलं वय लहान असल्याची सबब. बाबांच्या आयुष्यातलं हे पहिलं बोलणं, ज्यात वर एक आणि खाली दुसरं असं नव्हतं. मला त्यांचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली की मी रडायला लागले.

मोठेबाबा चालत पुढे आले. दगडापाशी थांबले. मग दगड ओलांडून बाहेर आले. कुऱ्हाड खांद्यावरून उतरली, वर गेली, आणि बाबांच्या डोक्याच्या बाजूने जाऊन बाभळीत रुतली. बाबा हलले नाहीत. मोठेबाबांनी लोकांच्या हातातले मेढे एकेक करून घेतले, झाडाखाली जमिनीवर पसरले आणि म्हणाले, "बस. तुह्यानं उभं राहवत नाही." मग गावाकडे वळून म्हणाले, "तुम्ही जा. मांगं पाहू नोका." आणि स्वतः त्या फेकलेल्या फांद्यांवर, शिवेबाहेर, भावाशेजारी बसले.

दिवसभर ते दोघं तिथेच बसले होते. मी जोडीला पाणी पाजत होते आणि कान तिकडेच लावून होते. बोलणं फार झालं नाही. मोठेबाबांनी फडक्यातली भाकर काढून तिघांना वाटली. दुपार कलल्यावर त्यांनी विचारलं, "टांगेले काय झालं?"

"बैलानं फरपटलं."

"कासरा काहून नाही सोडला?"

बाबा म्हणाले, "बाचाच कासरा वाटला."

 मोठेबाबा बाभळीतल्या कुऱ्हाडीकडे पाहत होते. "मी तेरवीले बोललो होतो. बाच्या राखेवर."

"मालूम हाये."

"मी बोललेलं मोडत नाही."

"मालूम हाये, दादा."

ऊन उतरलं. मारबतीचा दिवस संपत आला. मोठेबाबा उठले, हिसका देऊन कुऱ्हाड काढली आणि माझ्यासमोर धरली. "धर वं पोरी." मी घेतली, तिची धार खरंच लखलखत होती, चहा पिणारे लोक खोटं बोलत नव्हते. मोठेबाबा बाबांसमोर पाठ करून उकिडवे बसले. "चढ," ते म्हणाले. बाबांना कळेना. "पाय शिवेच्या आत टेकला त् मारीन बोललो होतो. टेकवू नोको. चढ."

त्या वाळक्या म्हाताऱ्याने माझ्या बाबांना पाठीवर घेतलं आणि दगड ओलांडला. मी कुऱ्हाड घेऊन मागून चालत होते. दारादारात लोक उभे होते. मारुतीपाशी मोठेबाबा थांबले, घटकाभर, आणि मग घरापर्यंत गेले. घरात त्यांनी बाबांना बाजेवर ठेवलं. घरातली सारवलेली जमीन मोठेबाबांच्या हिशेबात शिवेच्या आत धरायची नव्हती. असं का, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

बाबा पुढे दर वर्षी मारबतीला जात राहिले, आणि दर वर्षी तसेच आत गेले. दुसऱ्या वर्षी शिवेवर आणखी एक माणूस येऊन उभा राहिला. प्रेमिला नावाच्या विधवेला तिच्या सख्ख्या भावाने घराबाहेर काढलं होतं, तोच हा भाऊ. तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि त्याला पाठीवर घेतलं. लोकांना आधी हसू आलं. ती चालायला लागल्यावर कुणी हसलं नाही. तिथून ती रीतच पडली. ज्याचं वाईट झालं त्याने, ज्याने केलं त्याला, तो सगळं बोलून मोकळा झाला असेल तर, शीव ओलांडून आत आणायचं. आता मेढे फेकल्यावर आमझरीचे लोक लगेच घरी जात नाहीत. थांबतात, कुणी उभं आहे का बघतात. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं येतात.

नागपुरातही बाबांकडे भांडलेले भाऊ येऊन बसायचे. ते उपदेश करायचे नाहीत. आपली लाल्याची आणि दारूची गोष्ट सांगायचे, दर वेळी पुरी, स्वतःला कुठेही न वाचवता. आणि टोपल्यांत खाली हात घातला तरी चालायला लागलं, हे आईने सगळ्यात आधी ओळखलं.

मी मागाहून ते पुस्तक मिळवून वाचलं. बाबांना सांगितलं की एसाव धावत आला आणि याकोबाच्या गळ्यात पडून रडला.  बाबा म्हणाले, "धावत आला? मंग त्यानं राखेवर हात नसन ठेवला."

सत्त्याऐंशी सालची मारबत बाबांची शेवटची. मोठेबाबा तेव्हा साठीला आले होते. दगड ओलांडला आणि मारुतीच्या अलीकडे त्यांचे पाय लटपटायला लागले. लोक पुढे झाले तर त्यांनी मानेनेच त्यांना मागे सारलं. त्यांचा श्वास मला मागे ऐकू येत होता. बाबा त्यांच्या कानाशी म्हणाले, "दादा, थकला गा तू. उतरव मले."

"उतरवलं त् मारा लागन तुले," मोठेबाबा म्हणाले. "चूप बस."

बाबांनी पाय आणखी वर घेतले.